ऐंशी डाव्या बाह्या

३ फेब्रुवारी

शांततेच्या मास्तरीणबाईंना, थोरल्या बहिणीकडून,

तुझं पुस्तक पोचलं. मुखपृष्ठावर तुझा फोटो आहे, डोळे मिटलेला. बाबांच्या हाताखाली तू जी काजं केलीस तीही डोळे मिटूनच केली होतीस, त्यामुळे मला काही नवीन वाटलं नाही.

सगळं पुस्तक वाचलं. फुकट आलेली वस्तू मी टाकत नाही. पहिल्याच प्रकरणात तू सांगतेस की सकाळी उठल्या उठल्या कामाला न जुंपता खिडकीपाशी स्वस्थ बसावं आणि जे दिसेल ते नुसतं बघावं. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो आणि त्या जिन्यात एक गृहस्थ बनियनवर उभे राहून दात घासतात. मी दोन सकाळी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. माझा ताण काही गेला नाही, त्यांचा मात्र वाढला असावा, कारण तिसऱ्या दिवसापासून ते दिसले नाहीत.

पुढे तू म्हणतेस, ‘नाही’ म्हणायला शिका. कोणाला म्हणू? गिऱ्हाईकाला म्हणू की कापडवाल्याला? मग दुकानाला कुलूप लावते आणि तुझ्यासारखे श्वासाचे वर्ग काढते. जन्मल्याबरोबर पोर जे आपलं आपण करतं, ते मोठ्या माणसांना खुर्च्यांवर बसवून शिकवायचं आणि वर त्यांनी टाळ्या वाजवायच्या, यात तुझी हुशारी आहे हे मी कबूल करते. कापताना डोळे मिटून समुद्र आठवा, असंही कुठेतरी लिहिलं आहेस. म्हणजे ‘काम करताना’ लिहिलं आहेस, पण माझं काम कापणं आहे. मी समुद्र आठवला तर बोट जाईल. शिंप्याच्या घरात वाढलेल्या पोरीला हे सुचू नये? दुसऱ्या गावात बसून दुकान चालवणाऱ्यांना अक्कल शिकवायची, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण अर्पणपत्रिका शेवटी वाचली. ‘माझ्या वडिलांना, ज्यांना कोणी थांबवलं नाही.’

‘कोणी’ म्हणजे कोण, ते तरी लिहायचं होतंस. त्या दुपारी दुकानात तू होतीस, मी होते, बोलके काका मशीनवर होते. बाबांच्या शर्टाची पाठ भिजली होती आणि डावा हात त्यांनी टेबलाला टेकवला होता. तू ‘बाबा’ म्हणालीस आणि त्यांनी मान वर न करता तळवा दाखवला. पातं चालू असताना कटिंग टेबलाशी कोणी बोलायचं नाही, हा त्यांचाच नियम आणि तो त्यांनी स्वतः मरेपर्यंत पाळला. ते गठ्ठा पुरा कापून मगच खाली बसले. बाबांना थांबवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. ते गेले आणि महिना उलटायच्या आत तू बॅग भरलीस. दारात काय म्हणालीस ते तू विसरली असशील, बोलणारा विसरतो. ‘या दुकानानं बाबांना खाल्लं, आता तुला खाईल.’

तर कळवायला आनंद वाटतो की मला अजून कोणी खाल्लेलं नाही. मी ठणठणीत आहे. हॉटेलच्या नोकरांचे चाळीस कोट अंगावर घेतले आहेत, एवढं मोठं काम बाबांच्या वेळीही कधी आलं नव्हतं.

मध्यंतरी चष्म्याचा नंबर काढायला गेले होते. त्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईला काय हुक्की आली कोण जाणे, तिने माझ्या दंडाला पट्टा बांधला. मग पुन्हा बांधला. मग नंबर बाजूला ठेवून मला दुसऱ्या डॉक्टरकडे धाडलं. त्याने रोजची एक गोळी लिहून दिली, कायमची. आकडा किती होता ते मी सांगणार नाही, तू तो पुढच्या पुस्तकात घालशील. गोळी मी आणलेली नाही आणि आणणारही नाही. ती तोंडात टाकली की तुझं दारातलं वाक्य खरं ठरलं, आणि ते सुख मी तुला मिळू देणार नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगायला नको.

पुस्तक छान छापलं आहे. कागद चांगला आहे.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

बाईसाहेब,

तुझं कार्ड आलं. एवढं मोठं पत्र लिहिलं त्याला उत्तर दोन शब्दांचं, ‘गोळी घे.’ पुस्तक लिहिताना शब्द संपले वाटतं.

शिवाय तू तुझ्या भाऊजींना फोन केलास. नाही म्हणू नकोस. मीठ एकाएकी घरातून नाहीसं कसं झालं, हे विचारल्यावर हे पेपरामागे गेले. या माणसाला पोटात काही ठेवता येत नाही, जेवण सोडून. यांचाही दंड तपासून घेतला तर डॉक्टर म्हणाला, तरुण मुलासारखं प्रेशर आहे. असणारच. यांना ताण कसला? यांच्या वाटणीचा सगळा मी घेते. आता रोज संध्याकाळी ‘चल, जरा फिरून येऊ’ म्हणून दारात चपला घालून उभे राहतात. मी दिवसभर टेबलाभोवती उभी असते. मला फिरायला नेणं म्हणजे पोस्टमनला सुट्टीत पायी सहलीला नेण्यासारखं आहे.

हॉटेलचे कोट जरा लांबले आहेत. कापडाचा घोळ झाला.

कापडाचा घोळ झाला नाही. माझा झाला. हे यांच्याकडून तुला कळण्यापेक्षा मीच लिहिते, म्हणजे निदान नीट कळेल.

तू कात्री टाकून जमाना झाला, म्हणून पहिल्यापासून सांगते. हॉटेलचं कापड एका अंगाने चकचकीत आणि दुसऱ्या अंगाने मळकट आहे. त्याचे चाळीस थर अंथरले, चकचकीत बाजू वर, सगळे एकावर एक. वर बाहीचा कागद ठेवायचा, खडूने आखायचं, मग तोच कागद पालथा करून शेजारी दुसरी बाही आखायची. पालथा केला की उजवी, नाही केला की पुन्हा डावी. आपल्याकडे हे पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतात. बाबा म्हणायचे, ज्याला एवढं समजत नाही त्याने पिशव्या शिवाव्यात.

मी कागद पालथा केला नाही. उचलला, सरकवला आणि तसाच ठेवला. त्या दिवशी सकाळपासून डोकं ठणकत होतं आणि डाव्या डोळ्यासमोर काहीतरी चमकत होतं, उन्हाने. मग पातं चालवलं आणि चाळीसच्या चाळीस थर कापून मोकळी झाले. बोलक्या काकांनी पहिल्या कोटाला बाह्या लावायला घेतल्या. एक बसली. दुसरी त्यांनी फिरवून पाहिली, उलटून पाहिली, मग मशीन बंद करून ती माझ्यासमोर ठेवली. चाळीस कोट आणि ऐंशी डाव्या बाह्या.

कापड गेलं ते गेलं. खरी गोष्ट पुढेच आहे. मी विचारलं, कापत होते तेव्हा हे कोणाच्याच डोळ्यांना दिसलं नाही का? तर काजं करणाऱ्या बाई खाली बघायला लागल्या. त्यांना दिसलं होतं. काकांना तर पातं टेकवल्याबरोबर दिसलं होतं. तुला काका माहीत आहेत. वर्षातून दोनदा बोलतात, त्यातलं एकदा ‘सुई मोडली’ असतं, म्हणून तर बाबांनी त्यांना बोलके काका नाव ठेवलं. मी म्हटलं, दिसत होतं तर बोलला का नाहीत?

काका म्हणाले, “पातं चालू होतं.”

मी कधी ओरडले नसेन तेवढी ओरडले. इतकी वर्षं या टेबलाचं मीठ खाल्लं आणि तोंडाला कुलूप लावून चाळीस कोटांचं कापड फुकट जाताना बघितलंत, असं म्हणाले. आणखी बरंच म्हणाले, ते लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलता समोरच्या पांढऱ्या अस्तरावर लाल थेंब पडला. मला वाटलं, बाईंनी बोटाला सुई टोचून घेतली. मग दुसरा पडला, तेव्हा कळलं की माझ्या नाकातून येतंय. उन्हाने येतं कधीकधी.

काकांनी उठून मला स्टूल दिलं. मी बसले नाही.

रागावण्याचं कारण तुला कळलं नसेल तर सांगते. काका खोटं बोलत नव्हते. नियम बाबांचा होता, मी त्यात पिनेएवढा बदल केला नाही, उलट अभिमानाने नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवत आले. त्या नियमाने मी बांधून ठेवलेली माणसं माझ्यासमोर मला बुडताना बघत उभी राहिली, आणि त्यांचं काही चुकलं नाही. काका बिचारे त्या दुपारीही तिथेच बसले होते, त्याच मशीनवर. ते जाऊ दे.

यावरून तुझ्या पुस्तकातलं काही खरं ठरतं असं समजू नकोस. चूक कोणाचीही होते. गोळी घेतलेली नाही.

ताई


२ मार्च

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

आज नमस्कार-चमत्कार काही नाही. बातमी अशी आहे की मला तोंडात साखर घोळवत पत्र लिहावंसं वाटतंय.

कापडवाल्याकडे त्याच रंगाचा तागा सापडला, किंचित गडद निघाला, पण बाह्यांना चालून गेला. कोट न्यायला आज हॉटेलातल्या साफसफाईवरच्या मुख्य बाई स्वतः आल्या. धिप्पाड बाई आहेत, चारशे चादरींचा हिशेब तोंडी ठेवतात आणि कोणाला भीत नाहीत. बाह्या गडद आहेत हे त्यांनी दारातूनच ओळखलं. मी म्हटलं, फॅशन आहे. त्या म्हणाल्या, असेल. मग कोट मोजता मोजता म्हणाल्या, मागच्या आठवड्यात आमच्याकडे ताणावर शिबिर झालं, सगळ्या नोकरांना सक्तीने बसवलं होतं, बाहेरगावच्या एक मॅडम आल्या होत्या, पुस्तक लिहिलंय त्यांनी.

म्हणजे तू इथे आली होतीस. आपल्या गावात. दोन गल्ल्या पलीकडच्या हॉटेलात लोकांना ‘जवळच्या माणसांशी मोकळं बोला’ हे प्रकरण वाचून दाखवलंस आणि सख्ख्या बहिणीच्या दुकानावरून रिक्षा पुढे काढलीस. नाकाने कांदे सोलावेत ते तुझ्याकडून शिकावं.

पण थांब, साखर पुढे आहे. बाई म्हणाल्या, तिसरा व्यायाम चालू होता. सगळ्यांनी हात वर केलेले, श्वास रोखलेला. मॅडम म्हणत होत्या, आता सगळा ताण खाली सोडा. आणि मॅडमच खाली गेल्या. सरळ, खुर्चीसकट. चाळीस माणसं हात वर करून तशीच उभी, कारण श्वास सोडायला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी हसले. लपवत नाही. टेबलाला धरून हसले. काजं करणाऱ्या बाईही हसल्या. ताण घालवणारी बाई ताणाने पडली, याहून मोठा जय मला या जन्मी मिळायचा नाही. दारात ते वाक्य बोलून गेलीस, माझं दुकान सोडलंस, रोज खिडकीपाशी बसलीस, समुद्र आठवलास, आणि तरी पडलीस. दुकानाने तर तुला खाल्लं नाही ना? मग कोणी खाल्लं? हे मी इथे बसून तुला मोठ्या अक्षरात लिहिणार होते.

हॉटेलच्या बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मीच त्यांना उचललं. हॉटेलच्या डॉक्टरने पट्टा बांधला आणि आकडा मोठ्याने बोलायचं टाळलं. मग विचारलं, आधीपासून आहे का? मॅडम म्हणाल्या, आहे. गोळ्या चालू आहेत का? पर्समध्ये आहेत, म्हणाल्या. बाईंनी पर्स उघडून पाकीट काढलं. पाकिटावरची तारीख जुनी होती आणि पट्टी जशीच्या तशी भरलेली, एकही गोळी फोडलेली नव्हती. डॉक्टर चिडला. मॅडम म्हणाल्या, मी लोकांना गोळ्यांशिवाय जगायला शिकवते, मीच घेतली तर काय तोंड दाखवू?

आणि बाई म्हणाल्या, उठून बसल्यावर त्यांनी माझ्या कोटाची कॉलर दोन बोटांत धरली. जुना कोट होता, गेल्या वेळचा. कॉलर उलटवून टाके बघितले आणि म्हणाल्या, हा आमच्या दुकानातला आहे.

‘आमच्या’ म्हणालीस. त्यांनी दोनदा सांगितलं, म्हणजे खरं असणार.

मला आणखी बरंच लिहायचं होतं. तुझ्या गोळीच्या पट्टीवर तर दोन पानं सहज झाली असती. बाई गेल्यावर मी पेन उघडून बसले होते आणि बाबांनी तळवा दाखवला तो डोळ्यासमोर आला. दोघीही त्यांच्याच. एक इथे बसून तुझं खरं होऊ नये म्हणून औषध घेत नाही, दुसरी तिकडे बसून स्वतःचं खोटं पडू नये म्हणून घेत नाही. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, हे आपल्या घराण्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवलं असावं.

तुला फार लागलं का, हे बाईंना विचारायचं राहिलं.


९ मार्च

धाकटीस,

तुझं पत्र नाही. कार्डसुद्धा नाही. तू पडलीस त्याला मी हसले म्हणून रुसली असशील तर खुशाल रूस, मी पुन्हा हसेन. पण त्याच पत्त्यावर राहतेस की आणखी कुठे पडली आहेस, तेवढं कळव.

इकडची हकिकत अशी. परवा मी टेबलापाशी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, बाबांचा नियम आजपासून बंद. पातं चालू असो नाहीतर बंद, कोणाला काही चुकीचं दिसलं तर तिथल्या तिथे बोलायचं. कापण्यातलं असो, माझं तोंड लाल झालेलं असो, काहीही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. फार वाईट केलं मी. काका इतक्या वर्षांचं साठवून बसले होते. आता ते सकाळी येतात ते संध्याकाळपर्यंत बोलतात. माझा खडू जाड आहे, दिवा चुकीच्या जागी आहे, मी उभी चुकीची राहते, चहात साखर फार घेते, बाबाही चहात साखर फार घ्यायचे. काल मी कात्री ठेवून म्हटलं, काका, आता पुरे. तर म्हणाले, नियम तुमचाच आहे. आम्हाला सगळ्यांना हसू आलं. तुझ्या पुस्तकात हा व्यायाम नाही, लिहून घे.

यांच्याबरोबर संध्याकाळी फिरायलाही जाते. हे वाटेत प्रत्येक कुत्र्याशी बोलतात. मीठ सापडलं, गाद्यांच्या कपाटात होतं, पण मी तिथेच राहू दिलं.

काल डॉक्टरकडे गेले. त्याच डॉक्टरकडे. त्याने मला ओळखलं आणि चेहरा असा केला की मला उठून यावंसं वाटलं, पण हे दाराशी बसले होते. पुन्हा पट्टा बांधला. आकडा सांगते, एकशे नव्वदवर एकशे दहा. पहिल्यांदाही जवळपास तेवढाच होता. तुझ्याकडून मी आकडा लपवला तो वाईट होता म्हणूनच लपवला, चांगला असता तर पहिल्या ओळीत लिहिला असता. त्याने विचारलं, काय त्रास होतो? मी डोकं सांगितलं, डोळा सांगितला, नाकाचं सांगितलं, आणि एकदाही ऊन म्हटलं नाही. तो म्हणाला, बाई, तुम्ही काम केल्याने मरणार नाही, हट्टाने मराल. डॉक्टरला एवढं बोलायचा काय अधिकार, असं मनात आलं, पण त्याचं पातं चालू होतं, म्हणून गप्प बसले.

गोळी आणली. आज सकाळी घेतली. कडू नाही, काही नाही. एवढ्याशा पांढऱ्या टिकलीपायी आपण दोघींनी एवढं रामायण केलं.

तुझं खरं ठरलं असं मला अजूनही वाटत नाही. दुकानाने बाबांना खाल्लं नाही. डॉक्टर म्हणाला, हे तुमच्याकडे घराण्यातच आलेलं दिसतं, बाकी ताण, राग, जागरणं ही त्यावरची फोडणी. म्हणजे तू दुकान सोडून काही चुकवलं नाहीस आणि मी धरून बसून काही सिद्ध केलं नाही. भांडायला मुद्दाच उरला नाही, आणि त्याचं मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाईटच वाटलं. इतकी वर्षं मी रोज टेबलावर तुझ्याशी भांडत होते. तेवढीच काय ती तुझी सोबत होती.

आता शेवटचं, आणि हे नीट वाच. डॉक्टरने कागदावर लिहून घेताना विचारलं, घरात आणखी कोणाला आहे? मी म्हटलं, वडिलांना होतं, धाकट्या बहिणीला आहे.

“ती गोळ्या घेते?”

“नाही.”

“मग तिच्याकडे बघतं कोण?”

आमचं बोलणं नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. डॉक्टर पेन धरून वाट बघत होता. हे दारातून माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, “मी.”

त्याने ते लिहून घेतलं. तेव्हा आता मला खोटं पाडू नकोस.

ताई